आठ किलोंच्या आत

माझे धाकटे दीर डोंगरात जाताना नकाशाची चारही बाजूंची कोरी कड कापून टाकतात. कोऱ्या कागदाचं ओझं पाठीवर कशाला, असं वर मलाच विचारतात. चांगल्या पगाराची नोकरी सोडून हा माणूस घराखालच्या गॅरेजात हलक्या पाठपिशव्या शिवत बसला, तेव्हा मी त्यांची यथेच्छ टिंगल केली. ‘ग्रॅमभावजी’ हे नाव मीच पाडलं आणि सगळ्या नात्यात ते चिकटलं. जाऊबाई बिचारी नुसती हसायची. खोटं कशाला बोलू, माझं तोंड आहेच तिखट.

त्याच ग्रॅमभावजींच्या दारात मला नाक मुठीत धरून जावं लागलं.

मी आरोग्य केंद्रात नर्स आहे. महिन्यातून एकदा लसींचा थंड डबा पाठीवर घेऊन डोंगरावरच्या वस्तीवर जाते. गाडी पायथ्यापर्यंतच, पुढे पाच तास चढण आणि एक मुक्काम. अकरा वर्षं हे बिनबोभाट चाललं. यंदा मणक्याने दगा दिला. डॉक्टरांनी बजावलं, आठ किलोंच्या वर काही उचलायचं नाही. माझं ओझं भरत होतं तेरा. मी नाही गेले तर फेरी बंद, कारण दुसरं कुणी जायला तयार नव्हतं. आयांनी पोरांना खाली आणावं, असं आमचे साहेब म्हणाले. तान्हं पोर घेऊन पाच तास उतरायचं आणि पुन्हा चढायचं! कोण येणार, कप्पाळ?

डबा मी उचलतो, असं भावजी लगेच म्हणाले. मी म्हटलं, एकदा याल, दोनदा याल. दर महिन्याला कसे याल? मला हमाल नको, पिशवी हवी. ते टोमणा मारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, ते वाया गेलं. त्यांनी माझी पिशवी टेबलावर उपडी केली आणि एकेक वस्तू काट्यावर ठेवायला घेतली. डबा बर्फासकट पाच किलो तीनशे, त्यातून काहीच काढता येणार नव्हतं. म्हणजे पिशवी, पांघरूण, कपडे, पाणी, खाणं, सगळं मिळून दोन किलो सातशेत बसवायचं. माझी रिकामी पिशवीच सव्वादोन किलोंची निघाली. अकरा वर्षं मी मुख्यतः पिशवीच वाहत होते, म्हणायला हरकत नाही.

तीन आठवडे रोज संध्याकाळी मी गॅरेजात जाऊन बसले. छत्रीच्या कापडाहून पातळ कापड, आणि त्यावर ओझं पेलायचं! एक टाका वाकडा गेला म्हणून त्यांनी अख्खा तुकडा बाजूला टाकला. मी म्हटलं, उसवा की. तर म्हणाले, टाका उसवता येतो, सुईचं भोक मिटत नाही, कापड तिथूनच फाटतं. दोऱ्याचं टोक जाळून बंद करताना ते श्वाससुद्धा रोखून धरायचे. शिवलेल्या पिशवीत वाळू भरून स्वतः टेकडी चढून यायचे आणि ताण कुठे पडला ते खडूने आखायचे. टाके घालणारे हात मी जन्मभर पाहिलेत, नावाजलेल्या सर्जनांचेही. असे हात फार थोडे. मनातल्या मनात मी या माणसाची शंभरदा माफी मागितली.

पिशवी झाली दोनशे नव्वद ग्रॅमची. पांघरूण, कपडे, खाणंही त्यांनी हलकं करून दिलं होतं. एकूण ओझं सात किलो नऊशे. काट्यावरचा आकडा दाखवायला त्यांनी जाऊबाईला स्वयंपाकघरातून ओढत आणलं.

दुसऱ्या दिवशी मी ती लादून केंद्राचे जिने तासभर चढले-उतरले. खांद्यांवर लाल वळ उठले, मणका ठणकू लागला. त्यांच्या आनंदावर पाणी कसं पाडायचं, म्हणून मी मूग गिळून बसले. पण जाऊबाईने वळ पाहिले आणि सांगून टाकलं.

भावजींचा चेहरा उतरला. खांद्यांवरचं ओझं कमरेवर घेणारा पट्टा त्यांनी वजन वाचवायला लावलाच नव्हता. त्यांच्या तरण्या पाठीला तो कधी लागला नव्हता.

“मी काट्यासाठी शिवली, वहिनी,” ते म्हणाले. “तुमच्यासाठी नाही शिवली.”

मग त्यांनी रुंद, मऊ कमरपट्टा जोडला. एकशे साठ ग्रॅम! ग्रॅमभावजींनी आपल्या हाताने वजन वाढवलं. आता साठ ग्रॅम जास्त झाले. पिशवीचं वरचं झाकण ही त्यांची सगळ्यात देखणी शिवण, चार संध्याकाळी त्यावर गेलेल्या. ते त्यांनी कात्रीने कापून काढलं आणि त्या जागी नुसती नाडी ओवली. मला बघवेना. काटा सात नऊशे नव्वदवर थांबला.

त्या महिन्यात मी वस्तीवर गेले. ओझं कमरेवर बसलं होतं, खांद्यांना जाणवतही नव्हतं. पहिल्या घरातली बाई नेहमी दारातच माझी पिशवी उतरवून घेते. तिचं दीड महिन्याचं बाळ आत झोपलं होतं. तिने सवयीने पाय रोवून दोन्ही हातांनी जोर लावला, पिशवी भसकन वर आली आणि ती मागे धडपडली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. फेरी बंद होणार, हे तिच्याही कानावर गेलं होतं.

“बाई, लस नाही आणली?”

मी नाडी सोडली, डबा काढला, त्याचं झाकण उघडून तिला दाखवलं.

“आणली आहे,” मी म्हटलं. “पुढच्या महिन्यातही आणणार आहे. बाळाला उठव.”