लेफ्टनंटसाहेबांचं पत्र

दीड वर्ष आमचा पोर्तुगाल १९१४च्या महायुद्धाकडे लांबून बघत होता. मग सरकारनं लिस्बनच्या बंदरातली जर्मन जहाजं ताब्यात घेतली, जर्मनीनं युद्ध पुकारलं आणि आमच्या डोंगरातल्या गावातून बारा जणांना बोलावणं आलं. त्यात मी आणि माझा मित्र अदेरितु. जमीनदाराचा मुलगा, लेफ्टनंट तेल्मु, आमचा अधिकारी. निघताना चर्चच्या पायऱ्यांवर तो अदेरितुच्या आईला, ग्रासिंदामावशीला म्हणाला, "मी नेतोय ना, मीच परत आणीन."

फ्रान्सच्या चिखलात हिवाळा काढला. नाताळानंतर लेफ्टनंट तीन आठवड्यांच्या सुट्टीवर गेला.

"येताना सॉसेज आणा, साहेब! चिखल खाऊन कंटाळलो," अदेरितु ओरडला.

लेफ्टनंट परत आलाच नाही. बापानं वशिला लावून त्याला लिस्बनच्या कचेरीत चिकटवला, असं आम्हाला पलटणीच्या कारकुनानं सांगितलं. गावाला पत्ता नव्हता. आमच्या जागी नवे सैनिक येणार होते, तेही आले नाहीत. नऊ एप्रिलला पहाटे जर्मन तोफा सुरू झाल्या. अदेरितु माझ्या शेजारीच पडला. पोट फाटलं होतं. दोन-तीन तास पाणी मागत राहिला. माझ्याकडे थेंब नव्हता. तो गेला आणि मी कैदी झालो.

युद्ध संपल्यावर घरी आलो. मावशीनं स्वयंपाकघरात बसवलं, कोबीचं सूप वाढलं आणि एक पत्र पुढे केलं.

"वाच रे, बेल्मिरु. पाद्रीबाबा फार घाईनं वाचतात."

पत्र लेफ्टनंटचं होतं. 'अदेरितु माझ्या मांडीवर गेला. त्याला काही त्रास झाला नाही. शेवटी तुमचंच नाव त्याच्या ओठांवर होतं.'

मी वाचलं. मग दर रविवारी वाचत राहिलो.

पुढे लेफ्टनंट गावी राहायला आला, तेव्हा त्याच्या दारात गेलो.

"तुम्ही तिथे नव्हता, साहेब."

"ते तुला नि मला माहीत. म्हातारीला तेवढाच आधार. तुला काय खुपतंय?"

गावात युद्धात गेलेल्यांचं स्मारक उभं राहिलं. उद्घाटन लेफ्टनंटच्याच हस्ते होतं. आदल्या दिवशी मावशी म्हणाली, "उद्या मी त्याचा हात डोळ्यांना लावणार." मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मग जवळ कोण होतं?"

"मी."

"काय बोलला?"

"पाणी मागत होता."

"त्या साहेबाचं जाऊ दे. मोठ्या घरचा तो, आम्ही त्याचे कोण?" तिचा आवाज चिरकला. "पण तू? माझ्या हातचं खात, इथेच बसून दर रविवारी खोटं वाचलंस? ऊठ."

"मावशी, तुला बरं वाटावं म्हणून..."

"तोही तेच म्हणत असेल. ऊठ म्हणते ना!"

दुसऱ्या दिवशी बँड वाजला. लेफ्टनंटनं नावं वाचली आणि मावशीपुढे हात केला. ती त्याला वळसा घालून स्मारकाच्या दगडापाशी गेली. लिहिता-वाचता न येणाऱ्या त्या बाईनं एका एका नावावर बोट ठेवत शेजारच्या पोरीला विचारलं, "यातलं अदेरितु कुठलं?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला विचारलं नाही.