गाव कुठलं तुमचं?

माझ्या कानात मशीन आहे, डोक्यात बिघाड नाही. पण हे आमच्या साहेबांना कोण सांगणार? सरकारी ऑफिसात इतकी वर्षं काउंटर सांभाळला, कोणाची कुरकुर नाही. हे नवे साहेब आले आणि मला मागच्या रेकॉर्ड रूममध्ये बसवलं. कारण विचारलं तर नुसतं हसले. संशय आला, म्हणून एकदा फोन रेकॉर्डिंगला लावून साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि पाणी प्यायला गेले. "बहिरीला लोकांपुढे कशाला बसवायचं?" साहेबांचं हे वाक्य मला ऐकू आलं नाही, फोनला आलं.

तक्रार करायची ठरवलं. कर्मचारी संघटनेतला विनोद आपणहून मदतीला आला. फार गोड बोलला. "साहेबांशी माझा काडीचा संबंध नाही, अक्षयाताई." रेकॉर्डिंगचं मी फक्त त्यालाच सांगितलं. दोनच दिवसांत साहेब म्हणाले, "यापुढे फोन बाहेर ठेवून यायचं हां." मी चौकशी केली. मग कळलं, विनोद साहेबांच्या बायकोचा भाचा. मेला!

त्यानंतर मला चहा देणाऱ्याचाही संशय यायला लागला. मैत्रिणीने बळेच माळनाक्यावरच्या मथुराबाई वकिलांना फोन करून सगळं सांगितलं आणि मला पाठवलं. खुर्चीत टेकायच्या आधीच मी विचारलं, "गाव कुठलं तुमचं?"

"हेदवी."

साहेबही हेदवीचेच. मी दाराकडे वळलेच.

"बस गो." त्यांनी हात धरून मला समोर फिरवलं आणि सावकाश बोलल्या. "तुझा साहेब माझा सख्खा मावसभाऊ. गणपतीत त्याच्याच घरी जेवायला असते मी. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको, म्हणून सांगत्ये. तरी तक्रार मी लिहीन. नको असेल तर जा."

"भावाविरुद्ध? कशाला?" मी फाडकन विचारलं.

"माझी आई ठार बहिरी होती. गणपतीत पोरं जमली की हा तिच्या पाठीमागे तिची नक्कल करायचा. तिला कुठे कळतंय, म्हणायचा. तिला कळायचं गो."

अशा गोष्टी रचताही येतात, एवढं विनोदने शिकवलं होतं. रेकॉर्डिंगचा फोन पर्समधून काढला नाही. खुर्ची मात्र त्यांच्या अगदी समोर ओढली, ओठ नीट दिसतील अशी, आणि बसले.

"लिहा," म्हटलं.