मान वळवणारा हमाल

"दादा, माफ करा हं," असं म्हणून योम सोकचे कमरेत वाकला आणि त्याने सोट्याने प्यो चिलबोकची कवटी फोडली. मग बरगड्या, मग गुडघे. मागे कोरसचा सूर चढत गेला. तो तुटला, तसा चिलबोक मेला.

सोलमधल्या एका तळघरातल्या नाट्यगृहात 'मिठाचं बंदर' या संगीत नाटकातला हमाल होऊन चिलबोक एकोणीस वर्षं असाच, मुकादम झालेल्या सोकचेच्या हातून, मरत आला होता. आठवड्यातून आठ वेळा, सोमवारी सुट्टी. सोट्याला स्पंज गुंडाळलेला असे; तरी दोन बरगड्या, एक करंगळी आणि डावा कान एवढं त्याने कलेला वाहिलं होतं. बायको म्हणायची, "सोमवारी तरी जिवंत माणसासारखे वागा."

आज समोर लंडनहून आलेला दिग्दर्शक निकोलस कॅमेरा लावून बसला होता. नाटक तिकडे इंग्रजीत होणार होतं, नटही तिकडचेच. पण हा खून शिकवायला चिलबोकने सहा आठवडे जावं, असं घाटत होतं. आपलं मरण कुणीतरी शिकायला मागतंय, या आनंदात चिलबोकने नवे बूटही घेतले होते.

निकोलसच्या कपाळावर आठ्या पडल्या. दुभाषी चोनबाई म्हणाल्या, "साहेब विचारतायत, मुकादम दारू ओततो, हमाल पेला घेतो आणि तोंड फिरवतो. का? त्याला सोटा दिसत नाही?"

एकोणीस वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

"मुकादम वडीलधारा, त्याच्यासमोर पिताना तोंड फिरवायला नको?" चिलबोक म्हणाला. "त्यांच्या तोंडावर ढोसली, तर लोक म्हणतील बरं झालं मेला!"

चोनबाईंनी ते पोचवलं. निकोलस हसला नाही. आमच्या प्रेक्षकांना तो बावळट वाटेल, म्हणाला.

"मग मान वळवणं रद्द!" निर्माते कू साहेब तत्परतेने ओरडले. "चिलबोक, समोर बघून प्या. सोकचे मारेल, तुम्ही काठी आडवी धरा. झुंज द्या!"

"साहेब, मी झुंज दिली तर मरणार कोण?"

"तुम्हीच. चार मिनिटं उशिरा."

लाकडावर लाकूड वाजायला हवं, म्हणून स्पंज काढला. सोकचेचं तोंड उतरलं.

"दादा, नक्की समोर बघाल ना?"

"बघतो रे बाबा. मार तू."

सोकचेने गात गात पेला भरला. चिलबोकने तो दोन्ही हातांनी घेतला, ओठांशी नेला, आणि मान आपली आपण वळली. सोटा तोवर सुटला होता. कानामागे बसला, भोपळा फुटावा तसा आवाज झाला. चिलबोक तोंडावर पडला. फरशीवर रक्त, रक्तात दोन दात.

"दादा! अहो दादा!" सोकचे गुडघ्यांवर बसून रडू लागला.

"सूर संपायच्या आत मारलंस, गाढवा," चिलबोक फरशीला म्हणाला.

निकोलस उभा राहून टाळ्या वाजवत होता. हेच! ही मानच ठेवायची!

सात टाके पडले. संध्याकाळी सगळे डुकराचं मटण भाजून देणाऱ्या खाणावळीत जमले. डोक्याला पट्टी बांधून चिलबोकही आला; बूट नवे घातले होते.

"मान राहिली तुमची!" कू साहेब तुकडा उलटत म्हणाले. "आणि सगळं कॅमेऱ्यात आलंय, दातांसकट. आता लंडनला जायची तसदीच नको तुम्हाला. तिकडची पोरं बघून शिकतील."

चिलबोक जिभेने दातांची जागा चाचपत राहिला.

इतक्यात निकोलसने पेला पुढे केला. दोन्ही हातांनी, चोनबाईंनी पढवलं असावं. चिलबोक त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा. त्याने सोजू दारूची बाटली उचलली, पेला भरला. निकोलसने अदबीने तोंड फिरवलं.

कानामागची गोरी कातडी चिलबोकसमोर आली. एक निळी शीर उडत होती. ही जागा त्याने स्वतःची कधी पाहिली नव्हती. बाटलीची मान त्याच्या मुठीत आवळली गेली. समोर सोकचेचा घास तोंडातच थांबला.

"अजून थोडी वळव," चिलबोक म्हणाला. "हनुवटी खाली. हां... आता पी."

चोनबाईंनी भाषांतर केलं. चिलबोकने बाटली दोन्ही हातांनी, आवाज न करता, टेबलावर ठेवली.