चवीचा रकाना

काकूंना नव्या देशात येऊन महिना भरत आला, तेव्हा त्यांच्या नावावर एकोणीस गुन्हे जमा झाले होते. गुन्हे म्हणजे कोरे चौकोन. त्या ज्या कारखान्याच्या कँटीनमध्ये कामाला लागल्या होत्या, तिथं शेगडीजवळच्या भिंतीवर रोज सकाळी एक छापील तक्ता लागायचा. पातेलं कोणतं, उकळी कधी आली, आत ताप किती, चव कुणी पाहिली, आणि शेवटी सही. बाकीचे रकाने काकू मन लावून भरायच्या. चवीचा रकाना मात्र पहिल्या दिवशी कोरा सोडला तो सोडलाच.

कारण काकू चव पाहतच नव्हत्या. करणाऱ्यानं वाढायच्या आधी तोंडाला लावलं की अन्न उष्टं झालं, आणि उष्टं दुसऱ्याच्या पानात वाढणं म्हणजे त्या माणसाचा अपमान, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं. मुलींच्या वसतिगृहात बावीस वर्षं, दोन्ही वेळा, दीडशे पानांचा स्वयंपाक त्यांनी असाच केला. मीठ मुठीनं, तिखट डोळ्यानं आणि बाकी सगळं नाकानं. त्या मुलींनीच त्यांना काकू केलं. मग दूधवाला, रेक्टरबाई आणि चेष्टेत त्यांचा नवरासुद्धा काकूच म्हणायला लागला.

इकडे त्यांना आणलं धाकट्या नणंदेनं. ती बारा वर्षांपासून इथं होती, त्याच कँटीनच्या काउंटरवर बसायची. भावाला तिनं एका गोदामात चिकटवलं, वहिनीसाठी शब्द टाकला, आणि आपल्याच इमारतीत, एक मजला खाली, दोन खोल्या बघून दिल्या. खिडकी चार बोटं उघडायची, त्याहून जास्त नाही. जिन्यातला दिवा माणूस अर्ध्यावर आला की आपोआप विझायचा, त्यामुळे पन्नाशीच्या काकूंना रोज पळत जिना चढावा लागायचा. पहिल्या आठवड्यात बस थांब्यावर न थांबता पुढं गेली तर त्या दुसऱ्या दिवशी रस्त्यात उतरून हात आडवा धरून उभ्या राहिल्या. बस थांबली. ड्रायव्हर काय बोलला ते त्यांना कळलं नाही, आणि त्या काय बोलल्या ते त्याला कळलं नाही हे बरंच झालं.

नणंदेनं एक गोष्ट मात्र पहिल्याच दिवशी नीट समजावली होती. "वहिनी, एक महिना तुझी परीक्षा आहे. जमलं तर शेगडी तुझी. नाही जमलं तर मोरीवर टाकतील, पातेली घासायला. मग तिथून कुणी वर येत नाही, मी बघितलंय."

काकूंना एवढंच पुरे होतं. घासण्यात कमीपणा आहे असं त्या मानत नव्हत्या. एकोणिसाव्या वर्षी त्या वसतिगृहात पातेली घासायलाच तर लागल्या होत्या. राखेनं बोटं फुटायची तेव्हा एक दिवस शेगडीपाशी उभं राहायचं म्हणून त्यांनी नऊ वर्षं काढली होती. ती पायरी चढून झाली होती. आता पन्नाशीला, परक्या मुलखात, कुणी हाताला धरून परत खाली बसवणार असेल तर बसायला त्या तयार नव्हत्या.

कँटीनचा मुख्य स्वयंपाकी म्हणजे उंच, हडकुळा, खिशाला थर्मामीटर लावून फिरणारा माणूस. प्रत्येक पातेल्यात तो थर्मामीटर खुपसून बघायचा, जणू सूप तापानं फणफणलंय. काकूंनी दुसऱ्याच दिवशी त्याचं नाव वैद्यबुवा ठेवलं. माणूस वाईट नव्हता. ओरडायचा नाही, कुणाला कमी लेखायचा नाही, पण नियम म्हणजे नियम. स्वतः कधी खाली बसून जेवलेला कुणी पाहिला नव्हता. जाता जाता पावाचा तुकडा तोंडात टाकायचा आणि पुढं.

चाळिशीतली, दंडानं भक्कम अशी एक बाई मोरीवर होती. तीही दुसऱ्याच कुठल्या तरी देशातून आलेली, नऊ वर्षांपूर्वी. तिची आणि काकूंची भाषा जुळत नव्हती, पण करपलेलं पातेलं काकू स्वतः खरवडूनच तिच्याकडे द्यायच्या, तेव्हापासून दोघींचं बरं चाललं होतं.

तर महिना संपायला दोन दिवस उरले असताना वैद्यबुवांनी सगळे तक्ते काढले आणि एकोणीस कोरे चौकोन त्यांच्या नजरेला पडले. त्यांनी नणंदेला काउंटरवरून बोलावून घेतलं, दुभाषी म्हणून.

"विचार यांना, चव कुणी बघितली?"

"कुणीच नाही," काकू म्हणाल्या.

नणंदेनं ते भाषांतर करायच्या आधी डोळे मिटून घेतले. "वहिनी, विसरले लिहायला असं सांगते."

"खोटं कशाला सांगतेस? विसरले नाही. चाखलं नाही म्हणून लिहिलं नाही."

वैद्यबुवांनी ऐकून घेतलं. मग सावकाश, एकेक वाक्य थांबून, नणंदेला सांगता यावं म्हणून बोलले. अडीचशे माणसं इथं रोज जेवतात. त्यांच्या पोटात जाणारा प्रत्येक घास आधी स्वयंपाक्याच्या पोटात गेला पाहिजे. काही वाईट असेल तर ते पहिल्यांदा त्याला बाधलं पाहिजे. जो स्वतः चाखत नाही त्याला दुसऱ्याला वाढायचा हक्क नाही. त्यांनी तक्ते एकावर एक ठेवले. उद्या त्या रकान्यात यांचं नाव दिसलं तर ठीक, नाहीतर परवापासून मोरी.

काकू परत शेगडीकडे वळल्या. नणंदेला वाटलं, वहिनी वरमली. तसं नव्हतं. आधी आपल्याला बाधलं पाहिजे हे बोलणं काकूंना फार आवडलं होतं, आणि ज्याच्याशी भांडायचं त्याचंच बोलणं पटावं याचा त्यांना राग आला होता.

संध्याकाळी नणंद वरून खाली आली आणि दारातूनच सुरू झाली. "चमचाभर जिभेला लावलं तर काय आकाश कोसळतं? मी नाही चाखत? बारा वर्षं माझ्या घरी चाखतेय. आणि तो मुख्य स्वयंपाकी दर वेळी स्वच्छ चमचा घेतो ग, तोंडातला परत घालत नाही."

"चमचा स्वच्छ असतो, मी कुठं नाही म्हणते? पण माणसं बाहेर ताटकळत उभी, आणि आपण आत त्यांच्या आधी तोंड घालायचं. मला नाही जमायचं."

"मग नुसतं नाव लिही. कोण बघायला येतंय तू चाखलंस का ते?"

"मी बघतेय ना."

नणंदेनं भावाकडे पाहिलं. तो बिचारा मोजे वाळत घालत होता. "दादा, तू तरी सांग हिला!"

"मी तीस वर्षं हिच्या हातचं न चाखलेलं खातोय," तो म्हणाला. "धडधाकट आहे. मला विचारशील तर…"

"तुम्हाला कुणी विचारलंय?" काकू म्हणाल्या, पण त्यांना बरं वाटलं.

नणंद जायला निघाली तेव्हा तिचा आवाज चढला. "वहिनी, तुझ्यासाठी मी तोंड वेंगाडलंय तिथं. तू मोरीवर बसलीस तर लोक मला विचारतील. हे आपलं गाव नाही. इथं दुसऱ्याच्या घरात राहायचं तर त्यांच्या पद्धतीनं राहावं लागतं."

"भाडं भरतो आपण," काकू म्हणाल्या. "घर कुणाचं का असेना, हात माझे आहेत."

दुसऱ्या दिवशी काकूंनी डाळीचं सूप, बटाट्याचा रस्सा आणि भात केला. हात नेहमीसारखा चालला. बाराला दहा कमी असताना त्यांनी तक्ता भरला, पातेल्यांवर झाकणं घातली, डाव हातात घेतला, आणि कोपऱ्यातली एक खुर्ची ओढून कामाच्या टेबलाशी आणून ठेवली. वैद्यबुवा आले. आधी त्यांनी चौकोन पाहिला. कोरा. मग झाकण उचलायला हात पुढं केला तर झाकणावर काकूंचा हात.

"खुर्ची," काकू त्यांच्या भाषेत म्हणाल्या. हा शब्द त्यांना येत होता. "बसा."

वैद्यबुवांना वाटलं बाईंना चक्कर येतेय आणि खुर्ची त्यांनाच हवी आहे. ते धावत पाणी घेऊन आले. काकूंनी पाणी बाजूला ठेवलं आणि नणंदेला हाक मारली. काउंटरसमोर रांग लागली होती. नणंद धडपडत आत आली.

"सांग त्यांना. आधी कुणाला तरी बाधलं पाहिजे हे मला पटलंय. शंभर टक्के पटलंय. पण करणारीनं पातेल्यात चमचा घालायचा नाही, हेही माझ्यापुरतं खरं आहे. तेव्हा पहिलं पान मी वाढते, त्यांना. त्यांनी बसून जेवायचं. पंगतीत पहिलं पान कुणाचं तरी असतंच, त्यानं मागचं उष्टं होत नाही. त्यांचा जीव आधी धोक्यात, माझा हात चोख. रकान्यात त्यांचं नाव लिहा."

नणंदेनं सांगितलं.

वैद्यबुवा म्हणाले, बसायला वेळ नाही, बाहेर अडीचशे माणसं आहेत.

"मग त्यांना उशीर तुमच्यामुळे होतोय, सांग."

वैद्यबुवांनी मोरीवरच्या बाईकडे दुसरा डाव मागितला. तिनं मोरीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि स्वच्छ धुतलेले चारच्या चार डाव साबणाच्या पाण्यात परत बुडवले. बाहेर रांगेत कुणी तरी टेबलावर चमचा वाजवायला लागलं. मग आणखी चार जणांनी ठेका धरला.

"मला मोरीवर टाकायचं असेल तर टाका," काकू म्हणाल्या. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "पण ते उद्या. आज ही शेगडी माझी आहे. पहिलं पान वाढल्याशिवाय मी हे झाकण काढणार नाही."

वैद्यबुवा बसले. हार मानली म्हणून बसले की वेळ वाचवायला, ते त्यांचं त्यांना ठाऊक. काकूंनी ताट घेतलं, भात, रस्सा आणि वाटीत सूप वाढलं, ताटाची कड फडक्यानं पुसली आणि समोर ठेवलं. वैद्यबुवांनी खिशातला थर्मामीटर चाचपला, काढला नाही. एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग मान वर करून एकच शब्द बोलले.

"अळणी," नणंद पुटपुटली. रांगेतल्या ठेक्यापेक्षा काकूंना तो शब्द मोठा ऐकू आला. "रस्सा अळणी आहे म्हणतात."

सकाळीच मिठाची नवी गोणी फोडली होती. जाड मीठ, मुठीत कमी बसणारं. काकूंना ते त्याच क्षणी उमगलं आणि कानशिलं गरम झाली. बावीस वर्षं मिरवलेली मूठ चुकली होती, तीही आज. नणंद आता भिंतीकडे बघत होती. काकूंनी झाकण काढलं, एक मूठ मीठ टाकलं, वाफेत नाक घातलं, अर्धी मूठ आणखी टाकलं, खालपासून ढवळलं, उकळी येऊ दिली आणि दुसरं, कोरं ताट घेऊन वाढलं.

"पुन्हा," त्या म्हणाल्या.

वैद्यबुवा पुन्हा जेवले. या वेळी मान वर आली नाही. ते सूप प्यायले, भात कालवला, ताट निपटलं. पाच मिनिटं तरी गेली असतील. बाहेरचा ठेका थांबला होता, कारण पुढची माणसं वाकून वाकून मुख्य स्वयंपाक्याला जेवताना बघत होती. त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, उठून तक्त्यापाशी गेले, चवीच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि तसेच थांबले.

"मीठ चुकलं होतं," त्यांनी नणंदेकरवी सांगितलं.

"चुकलं होतं," काकू म्हणाल्या. "म्हणूनच तुम्हाला बसवलं."

ते हसले नाहीत. त्यांनी महिन्याचा परीक्षेचा कागद काढला, त्यावर ‘शेगडी’ या शब्दासमोर खूण केली, आणि मग त्यांना एक अडचण सुचली, नियमाच्या माणसाला सुचावी तशी. ते आठवड्यातून एक दिवस सुट्टीवर असतात. त्या दिवशी पहिलं पान कुणाचं?

नणंदेनं नकळत पदर सावरल्यासारखा एप्रन सरळ केला. काकूंनी तिच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी डावानं मोरीकडे दाखवलं.

"तिचं."

मोरीवरच्या बाईला शब्द कळला नाही, पण डाव कुणाकडे वळला ते कळलं. रोज सगळ्यांचं झाल्यावर तीनच्या सुमाराला ती पातेल्याच्या तळाचं, गार झालेलं, उभ्यानं खायची. वैद्यबुवांनी तिला तिच्या भाषेतले दोनचार शब्द जुळवून सांगितलं आणि तक्त्यावर लिहायला तिचं पूर्ण नाव विचारलं. ती साबणाचे हात एप्रनला पुसत पुढं आली, कोपरापर्यंत पुसले तरी पुसतच राहिली. नऊ वर्षांत त्यांनी तिला पूर्ण नाव विचारलं नव्हतं. तिनं ते सांगितलं, जरा मोठ्यानंच, आणि त्यांनी लिहीपर्यंत तिथून हलली नाही.

मग काकूंनी झाकणं काढली आणि वाढायला घेतलं.