सदतीस नंबर

“सदतीस,” नंबरकाका म्हणाले. “माप घ्यायची गरज नाही.”

दुकानातली मुलगी मापाची पाटी हातात धरून तशीच उभी राहिली. समोरच्या बाकावर नंबरकाकांची बायको बसली होती. मांडीवर पिशवी, पायात अजून बूट. भिंतीवर माशांच्या शेपट्यांसारखी रुंद पाती टांगलेली होती आणि त्यांतलं एक आज घ्यायचं होतं. मोनोफिन म्हणजे दोन्ही पावलं एकाच कप्प्यात घालायची आणि कंबरेपासून लाट काढत पाण्यातून सरकायचं, हे तिने त्यांना घरी समजावून सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली होती, पण प्रत्यक्ष वस्तू पाहिल्यावर बसायचा तो धक्का बसलाच. साठीला आलेली बाई शेपूट विकत घ्यायला निघाली होती.

नंबरकाका हे नाव त्यांना उगाच पडलं नव्हतं. त्यांचा सगळा जन्म बुटांच्या एकाच दुकानात गेला. गिऱ्हाईक दारातून बाकापर्यंत पोचेस्तोवर त्याच्या मापाचा खोका यांच्या हातात तयार असे. मालक पाहुण्यांना मुद्दाम बोलावून हा खेळ दाखवत. नवीन नोकर आला की नंबरकाका त्याला एकच धडा देत. गिऱ्हाईकाच्या तोंडाला विचारू नकोस, तोंड भिडस्त असतं. बुटाचं टोक अंगठ्याने दाबून बोटांना विचार.

बायको तलावावर जायला लागली ती गुडघ्यांसाठी. तिथे तिच्याच वयाच्या चारपाच जणी भेटल्या, आणि बघता बघता त्या एका दमात पाण्याखालून पोहायला शिकू लागल्या. “म्हणजे श्वास कोंडायला शिकवतात?” त्यांनी चेष्टेने विचारलं होतं. “ते मला येतच होतं,” ती म्हणाली होती, आणि दोघंही हसले होते.

“पहिलंच आहे ना काकू?” मुलगी म्हणाली. “मग पातं मऊ घ्या. कडक पात्याने घोटे भरून येतात. आणि कप्पा पायाला धरून बसला पाहिजे, पण बोटं दुमडता कामा नयेत. दोन्ही पाय एकत्र अडकलेले असतात. खाली गेल्यावर पायात गोळा आला तर पंचाईत होते.”

“घट्टच दे गं,” नंबरकाका म्हणाले. “वापरून सैल होतं.”

“चामडं होतं काका. हे रबर आहे, ते असतं तसंच राहतं.”

काकांनी नाक मुरडलं. कालची पोर त्यांना माप शिकवत होती. पण मुलीने वाद न घालता सदतीस-अडतीसचा कप्पा आणून ठेवला. बायकोने जरा बाजूला वळून बूट काढले, मोज्यांसकट दोन्ही पावलं आत सारली आणि ओठ मिटून एकदा जोर लावला.

“बसतंय,” ती म्हणाली.

“नक्की?”

“हो, बसतंय की.”

“बघ,” नंबरकाका मुलीला म्हणाले. “सांगितलं होतं.”

“तलावावर मोजे नसतील ना पण. एकदा काढून घालून बघा.”

“राहू दे, कशाला,” बायको म्हणाली.

“अगं काढ की. इथे कोण परकं आहे,” असं म्हणून नंबरकाकांनीच खाली बसून कप्पा ओढला. तो सहजी निघेना, चांगला हिसका द्यावा लागला. तिने नाइलाजाने मोजे उतरवले. मुलीने तिचं उजवं पाऊल पाटीवर ठेवलं.

“काकू, बोटं सरळ करा ना.”

“सरळच आहेत.”

नंबरकाका खालीच बसलेले होते, त्यामुळे ते पाऊल त्यांच्या डोळ्यांसमोरच होतं. बोटं सांध्यात मोडून वर आली होती, दुसरं बोट अंगठ्यावर चढलं होतं, आणि प्रत्येक सांध्यावर जुनं, पिवळट घट्टं होतं. ही बोटं त्यांनी पाहिली नव्हती असं नाही. घरात रोज दिसत. पण घरातल्या पावलांकडे त्यांनी दुकानातल्या नजरेने कधी पाहिलंच नव्हतं.

“बोटं इतकी दुमडलेली असूनही पाऊल अडतीसच्या पुढे जातंय,” मुलगी हळू आवाजात म्हणाली. “एकोणचाळीस-चाळीसचा कप्पा लागेल.”

“पाटी चुकलीय तुझी.”

त्यांनी स्वतःची वीत लावली. ही वीत जन्मभरात कधी चुकली नव्हती, आणि ती आताही चुकली नाही. त्यांनी पुन्हा वीत लावली आणि मग हात तसाच जमिनीवर टेकवून ते बसून राहिले.

“कधीपासून?” त्यांनी विचारलं.

“काय कधीपासून?”

“एकोणचाळीस.”

“पहिल्यापासून,” बायको म्हणाली. घड्याळात किती वाजले ते सांगावं इतक्या साध्या आवाजात.

बूट बनवणाऱ्या कंपन्या दुकानात नमुने पाठवत. बायकांचा नमुना कायम सदतीसचा, कारण कपाटात तो सुबक दिसतो. हंगाम संपला की मालक ते जोड नंबरकाकांना देऊन टाकत. लग्न झालं त्याच वर्षी त्यांनी असा पहिला जोड घरी आणला होता, तपकिरी, बंदाचा. तिने तो घातला, खोलीत एक फेरी मारली आणि “बसतंय,” म्हणाली. त्या दिवशी आपल्या नशिबावर ते बेहद्द खूश झाले होते. नमुन्याच्याच मापाची बायको मिळाली, असं दुकानात सगळ्यांना सांगत सुटले होते. त्यानंतर तिच्यासाठी बाहेरून बूट म्हणून घ्यावे लागले नाहीत. दर हंगामाला एक जोड घरी जाई आणि दर वेळी ती तोच शब्द त्याच आवाजात म्हणे. आता कुठे त्यांना तो आवाज ऐकू आला.

“बोलली का नाहीस?”

“तुम्ही किती हौसेने आणायचात.” तिने मोजे हातात गुंडाळून घेतले. “पहिल्यांदा बोलले नाही. मग तुम्ही सगळीकडे सांगून बसलात. आणि नंबरकाकांच्या बायकोचाच नंबर चुकला असं झालं असतं, तर तुमचं काय राहिलं असतं? पुढे सवय झाली. तलावावर गेले तेव्हा कळलं, पाय दुखत नाहीत तेव्हा कसं वाटतं ते.”

मुलगी आत जाऊन मोठ्या कप्प्याचं मोनोफिन घेऊन आली होती, पण पुढे यावं की न यावं या विचारात दारातच घोटाळत होती. नंबरकाकांनी हात पुढे केला. त्यांनी बाटलीतल्या पाण्याने बायकोची पावलं ओली केली, घोटे जुळवले आणि दोन्ही पावलं एकदम आत सरकवली. हिसका द्यावा लागला नाही. मग सवयीने त्यांचा अंगठा कप्प्याच्या टोकाकडे गेला आणि एकेक बोट शोधत फिरला.

“बसतंय का?” त्यांनी विचारलं.

तिने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. पातं जरा उचललं, खाली ठेवलं. या वेळी ती घाई करत नव्हती.

“डावीकडे थोडं सैल आहे,” ती म्हणाली.

“पातळ रबरी मोजे आहेत का गं?” नंबरकाकांनी मुलीकडे न बघताच विचारलं. “डाव्या पायापुरते.”

बाहेर पडताना बायकोने पिशवीतून तलावावरच्या रबरी चपला काढल्या आणि त्याच पायात घातल्या. मोनोफिन तिने काखेत धरलं, कोणाला देईना. बूट बाकाखालीच राहिले होते. ते नंबरकाकांनी उचलून घेतले.

बसथांब्यावर बसल्यावर त्यांनी त्यातल्या एका बुटात हात घातला. घरात सगळ्यांच्या बुटांना पॉलिश तेच करत, फक्त तिच्या बुटांना ती हात लावू देत नसे. माझे मी करते, म्हणायची, आणि त्यांना वाटे, बिचारी किती जपते आपल्याला. बोटं अस्तरावरून चाचपत टोकाकडे गेली. जन्मभर त्यांनी बूट आतूनच ओळखले होते. वरच्या अंगाला, जिथे पावलाचं एकही बोट टेकायला नको, तिथे अस्तर घासून घासून फाटलं होतं. सांध्यासांध्यापाशी एकेक भोक पडलं होतं. त्यांनी ती भोकं एकामागून एक बोटाने तपासली.

“चला, बस आली,” बायको म्हणाली आणि रबरी चपला फटफटवत पुढे निघाली.

नंबरकाका उठले. पण बुटातला हात त्यांना बाहेर काढवेना. तसेच ते तिच्या मागोमाग बसमध्ये चढले.