ओला मी की सुका मी?

मी एक जुना डबा आहे. निळा. म्हणजे एके काळी निळा होतो; फाटकाजवळच्या उन्हाने आता माझा कोणता रंग केलाय, ते मलाच सांगता येत नाही. शेजारी हिरवा उभा असतो. त्याच्या पोटावर 'ओला' लिहिलंय, माझ्या पोटावर 'सुका'. आमची सगळी शाळा एवढीच.

मित्रांनो, माझा जन्मच मुळी टाकाऊतला. फुटक्या बादल्या, तेलाचे कॅन, कुण्या बाळाचा अंघोळीचा टब, असं सगळं वितळवून मला साच्यात ओतलं. त्यामुळे पोटात रिकामी बाटली पडली, की घरचं माणूस आल्यासारखं वाटायचं. सुरुवातीची वर्षं मोठ्या मानात गेली. कचऱ्याच्या गाडीवरची ताई झाकण उघडून म्हणायची, "या इमारतीचा डबा बघा! आतला कागद अजून वाचता येतो."

मग काय बिनसलं कुणास ठाऊक. मला वास येऊ लागला. रद्दी चिकट झाली, खोक्यांना बुरशी धरली. मी सुका, मग माझ्या पोटात हे ओलं कुठून आलं?

एके दिवशी पदराने नाक दाबून ताई खिडक्यांकडे बघत ओरडली, "काल कचरा निवडायच्या शेडवरून अख्खी गाडी परत फिरवली. तुमच्या डब्यातली घाण सगळ्यांच्या कागदाला लागली. चांगला मालही कचरा डेपोच्या ढिगात गेला. पुन्हा असं निघालं, तर हा डबा उचलून नेणार. दुसरा मिळायचा नाही!"

उचलून नेलेल्या डब्यांचं पुढे काय होतं? मी हादरलो.

दुसऱ्या दिवसापासून वरच्या मजल्यावरचे काका पेपर घेऊन फाटकापाशी पाळतीवर बसले. गुन्हेगार मला माहीत होता, मित्रांनो, आणि तिथेच माझं डोकं चालेनासं झालं होतं. कारण ती तर इमारतीतली सगळ्यांत टापटिपीची बाई! तळमजल्यावर भाचीकडे राहायला आलेली मावशी. ती रोज दोन पिशव्या आणायची, एक हिरव्यात टाकायची, एक माझ्यात, आणि पदराने माझं झाकणही पुसायची.

काकांनी तिला पिशवीसकट पकडलं.

"अहो मावशी, पाव निळ्यात?"

"सुका आहे की! दगड झालाय. तुमच्या टाळक्यात घातला तर टेंगूळ येईल."

"आणि ही केळीची सालं?"

"चांगली उन्हात वाळवलीत."

"बाटली मात्र हिरव्यात!"

"आत्ता घासलीय. टपटप गळतेय, दिसत नाही? ओली नाही तर काय कोरडी?"

भाची धावत आली. "मावशी, अगं, म्हणजे हा वास आपल्यामुळे?"

मावशीचा चेहरा उतरला. "वरून तर वाळलेलं असायचं गं. तुला कुणी नावं ठेवू नयेत, म्हणून तर रोज उठून वाळवत होते."

तेवढ्यात गाडी आली. ताईने झाकण उघडलं, आणि मला कडेला धरून ओढलं.

"थांब बाई!" मावशीने माझा दुसरा काठ पकडला. "त्याची काय चूक? मी उपसते."

तिने मला फरशीवर आडवं केलं. भाची शेजारी बसली. काका काठीने दुरूनच निवडू लागले. निवडता निवडता पिझ्झाचा एक तेलकट खोका निघाला, झाकणाला वितळलेलं चीज.

"हा कुणाचा?" मावशीने विचारलं.

"कागदाचाच आहे," काका म्हणाले.

"आणि तेल? तेही कागदाचंच का?"

काका खाली बसले आणि हाताने निवडू लागले.

ताईचा राग निवळला. "कुजणारं हिरव्यात. बाकीचं धुऊन, कोरडं करून निळ्यात."

"मग त्याच्या पोटावर तसं लिहा ना! शाई कमी पडली होती?" मावशी म्हणाली. "आणि कागद कुजत नाही वाटतं?"

ताईने डोकं खाजवलं. "कागद निळ्यातच. पण हा चहाचा कप... बाहेरून कागद, आतून प्लास्टिक. याचं मला नका विचारू. शेडमध्येही यावरून भांडणं होतात."

मला तिने आजच्यापुरतं ठेवलं. ते 'आजच्यापुरतं' अजून चालू आहे.

हल्ली अंगणातल्या दोरीवर काकांच्या बनियनशेजारी मावशीच्या धुतलेल्या दुधाच्या पिशव्या चिमट्याने लटकतात. सकाळी ती माझ्यासमोर उभी राहून विचारते, "बोल बाबा, हे तुझं की त्याचं?" मला खरंच माहीत नसतं. मग एका खिडकीतून उत्तर येतं, दुसरीतून त्याच्या उलट येतं, भाची दारातून तिसरंच काही सांगते. ठरेपर्यंत ती वस्तू मावशीच्या हातातच असते.

मित्रांनो, तुम्हीही तेवढा वेळ हातात धरा. विचारा, भांडलात तरी चालेल. झाकण पडल्यावर मात्र आतल्या अंधारात आम्ही सगळे एकमेकांना चिकटतो, आणि तिथे विचारायला कुणीच नसतं.