दुरुस्ती होईपर्यंत

“हे कोणी लिहिलंय?” मॅडमनी कागद दोन बोटांत धरून विचारलं.

“मीच,” तो म्हणाला. आवाजात जरासा अभिमानही होता.

मॅडम म्हणजे दत्तक संस्थेच्या समाजसेविका. घर बघायला आल्या होत्या. घर बघायचं म्हणजे खरं तर माणसं बघायची, पण हे लिफ्ट तपासनिसाला कोण सांगणार? सव्वीस वर्षांच्या नोकरीत तो एकच गोष्ट शिकला होता : तपासणी व्हायची असेल तर दोष लपवायचे नाहीत. लपवणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. म्हणून काल त्याने स्वतःच स्वतःचं घर तपासलं आणि रीतसर अहवाल केला. गॅलरीच्या गजांत अंतर जास्त, बाळाचं डोकं अडकू शकतं. बाथरूमची कडी आतून लागते, बाहेरून उघडत नाही. टीव्हीखालचा प्लग जमिनीपासून जेमतेम वीतभर. कागदावर जागा उरली होती, तेव्हा आणखी दोन ओळी : पती अल्पभाषी. पत्नी शीघ्रकोपी, मात्र राग दहा मिनिटांत उतरतो.

आणि सगळ्यात खाली, सहीच्या वर : ‘दोषांची दुरुस्ती होईपर्यंत वापर बंद ठेवावा.’

ही ओळ त्याने डोक्याने लिहिली नव्हती, हाताने लिहिली होती. दिवसातून चारदा लिहायची सवय.

“मॅडम, फाडून टाका ना तो,” त्याची बायको म्हणाली. तिने सकाळपासून तीनदा पुसलेल्या टेबलावर चहा तसाच निवत होता.

“ताई, फाडला असता हो. पण यांनी सकाळीच आमच्या ऑफिसात नेऊन दिला. आवक क्रमांक पडलाय.”

“पोचही घेतली,” तो म्हणाला. मग बायकोकडे बघून खिशाकडे नेलेला हात मागे घेतला.

“अर्जदार स्वतःच लिहून देतोय की घर मुलासाठी योग्य नाही. मी काय करू सांगा? फेरतपासणी लागेल. सहा महिन्यांनी.”

सहा महिन्यांचा अर्थ तिघांनाही माहीत होता. चार वर्षांच्या आतलं बाळ हवं, तर नवराबायकोच्या वयांची बेरीज नव्वदच्या आत लागायची. तो सेहेचाळीस, ती त्रेचाळीस. एकोणनव्वद. सात वर्षं डॉक्टरांकडे गेली, चार वर्षं नातेवाइकांना समजावण्यात, आणि तेवढ्या काळात बेरीज आपली गुपचूप वाढत राहिली. त्याचा वाढदिवस दोन महिन्यांवर होता.

मॅडम गेल्या. तिने निवलेला चहा सिंकमध्ये ओतला.

“शीघ्रकोपी?” ती म्हणाली.

“अगं, खरं तेच—”

“लग्नाच्या वेळी दिला असतात ना असा अहवाल! मीसुद्धा वापर बंद ठेवला असता.”

तो हसायला गेला आणि थांबला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. अहवालातला हा मुद्दाही चुकला होता.

ती एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करायची. लहान मुलांचं रक्त घ्यायला तिच्याइतका हलका हात कोणाचा नाही, असं डॉक्टर म्हणत. म्हणजे रोज आठ-दहा मुलं केवळ तिच्यामुळे रडत. त्या आठवड्यात एक दहा महिन्यांची मुलगी आली. सुई टोचून झाली, आई पिशवीत दुधाची बाटली शोधत होती, म्हणून पोर हिच्याकडे राहिली. तिने रडता रडता हिच्याच खांद्यावर डोकं टेकलं. तीन सेकंद. मग मान वर करून बघितलं, हीच ती बाई हे ओळखलं आणि दुप्पट भोकाड पसरलं. आई म्हणाली, “सॉरी हं, ताई.” त्या तीन सेकंदांबद्दल ती घरी काहीच बोलली नाही. खांदा ओला होता, तो तिने धुतला नाही, आपोआप वाळू दिला.

त्याने गजांना जाळी बसवली. कडी बदलली. प्लग वर घेतला. आता त्या घरात कोणालाही काहीही होणं शक्य नव्हतं. त्याच्या वाढदिवसाला तिने गोड केलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

सहा महिन्यांनी मॅडम आल्या. जाळी हलवून पाहिली, कडी लावून पाहिली. “उत्तम,” म्हणाल्या. मग खुर्चीत बसून, फाइल न उघडताच, त्यांनी विचारलं, “सहा ते आठ वर्षांचं मूल चालेल?”

“चालेल,” ती म्हणाली. तो अजून प्रश्नच समजून घेत होता.

“ताई, घाई नको. एवढ्या मुलांना आधीचं सगळं आठवत असतं. ती लगेच आई-बाबा म्हणत नाहीत. काका-काकू म्हणतात. कोणी वर्षभर, कोणी दोन वर्षं. काही मुलं...” त्या जरा थांबल्या. “काही मुलं कायमच तसं म्हणतात. म्हणून आधीच विचारते.”

त्याने बायकोकडे पाहिलं. अकरा वर्षं ती एका शब्दासाठी थांबली होती, हे कोणत्याही अहवालात नव्हतं. तिने पदराशी चाळा केला नाही, डोळेही पुसले नाहीत. फक्त टेबलावरचं पेन उचलून मॅडमच्या हातात दिलं.

“लिहा,” ती म्हणाली.

मॅडम गेल्यावर तो बाहेर वाळत घातलेले कपडे काढत बसला. स्वयंपाकघरातून हाक आली, “काका!”

शेजारच्या घरातलं कोणी असेल, असं त्याला वाटलं.

“काका, कपडे घेऊन आत या.”

तो टॉवेल हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग त्याला कळलं, ती सराव करून घेत होती. त्याने ओ दिली, पण ती स्वयंपाकघरापर्यंत पोचलीच नाही.

तिने पुन्हा हाक मारली. या वेळी ओ बरी आली.